मेइजी जपान : सामुराईंचा त्याग की शेतकऱ्यांच्या डोक्यावरचं ओझं?

औदुंबर
मेइजी काळ, म्हणजे सम्राट मेइजीच्या नावानं ओळखला जाणारा जपानच्या आधुनिकीकरणाचा काळ म्हटलं की आगगाडी आणि गिरण्यांचीच चर्चा होते. मला सगळ्यात थोर वाटते ती वेगळीच गोष्ट. १८६८ मध्ये शोगुनशाही, म्हणजे लष्करी सरदाराची वंशपरंपरागत राजवट, उलथवली ती मुख्यतः सात्सुमा आणि चोशू या संस्थानांच्या सामुराईंनी, म्हणजे योद्धावर्गानं. सत्ता हातात आल्यावर त्यांनी आपल्याच वर्गाचे हक्क मोडीत काढले. १८७१ मध्ये सगळी संस्थानं खालसा. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी, आणि त्याच वर्षी वंशपरंपरागत तनखे बंद करून हातात सरकारी रोखे. इतका त्याग कुठल्या राज्यकर्त्या वर्गानं केला आहे?

निवडुंग
त्याग स्वखुशीचा असतो. मूठभर सामुराईंनी ठरवलं आणि लाखोंवर लादलं. १८७७ मध्ये शोगुनशाही उलथवणाऱ्यांपैकीच एक असलेल्या सैगो ताकामोरीच्या मागे सात्सुमा उठलं ते उगाच नाही. आणि खर्च कोणी उचलला? १८७३ च्या कायद्यानं जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के कर, तोही रोख. पूर्वी पिकाचा वाटा जायचा. आता भाव पडो की पीक बुडो, आकडा तोच. त्याच वर्षी सक्तीची लष्करभरती. सरकारी फर्मानात तिला ‘रक्तकर’ म्हटलं होतं. खरोखरच रक्त काढून नेणार, अशी अफवा गावोगाव पसरली आणि दंगे झाले.

औदुंबर
पण त्याच कायद्यानं शेतकऱ्याच्या नावावर जमिनीचा कागद झाला. १८७६ च्या उठावांनंतर कर अडीच टक्क्यांवर आणला. रयतेचं ऐकणारं सरकार होतं.

निवडुंग
ऐकलं नाही, धसका घेतला. त्याच सुमारास सामुराईंची बंडं चालू होती. शेतकरी त्यांना मिळाले तर काय, ही सरकारातला बडा मंत्री ओकुबो तोशिमिचीची धास्ती होती. कागदाचं म्हणाल, तर कर भरता न आल्यानं तो पुढे किती जणांनी सावकाराकडे गहाण टाकला, तेही बघा.

पंचांगवाला
पैशाची चणचण किती होती याचं एक उदाहरण. चांद्र पंचांगाप्रमाणे १८७३ मध्ये अधिक महिना येणार होता, म्हणजे सरकारी नोकरांना तेरा पगार. सरकारनं महिन्याभराचीही सूचना न देता सौर पंचांग आणलं. आदल्या वर्षाच्या बाराव्या महिन्याची तिसरी तारीख उजाडली ती १ जानेवारी होऊन. तो महिना दोनच दिवसांचा ठरला, त्याचाही पगार वाचला.

मीठभाकर
तुम्ही दोघंही ‘रयत’ एकच धरून चालला आहात, आणि मला तेच खटकतं. १८७१ मध्ये ‘एता’ आणि ‘हिनिन’ ही अस्पृश्यांची नावं कायद्यानं रद्द झाली. १८७३ मध्ये मिमासाका प्रांतात रक्तकराविरुद्ध शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सरकारी माणसांबरोबर या नव्यानं मुक्त झालेल्यांच्या वस्त्याही जाळल्या, माणसं मारली. ही नावं रद्द करणारा कायदा मागे घ्या, असंही त्यांचं म्हणणं होतं. निवडुंग, तुमच्या पीडित शेतकऱ्याचा हा हात तुम्ही लपवू नका. औदुंबर, तुमच्या सरकारनंही या मुक्त झालेल्यांना जमीन दिली नाही. चामड्याच्या धंद्यावरचा त्यांचा हक्क मात्र गेला.

निवडुंग
मिमासाकाचं मी सांगायलाच हवं होतं. चूक माझी. तरी करावरचं माझं म्हणणं मी सोडत नाही.

औदुंबर
जमीन द्यायलाच हवी होती, हे मान्य. पण १८७१ चा तो कायदा काढलाच नसता, तर त्या वस्त्यांनी पुढे हक्क मागताना कशावर बोट ठेवलं असतं?