बचत गटाचा लोगो: बाराजणींच्या बारा कल्पना, जागा मात्र पावणेतीन इंच

कागदकातर

नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, तीन वर्षं घरूनच डिझाइनची कामं घेते. आतापर्यंत जास्त करून क्लासच्या जाहिराती, वाढदिवसाचे बोर्ड आणि इन्स्टाच्या पोस्ट केल्यात. एका संस्थेची ओळख पहिल्यापासून तयार करायचं काम पहिल्यांदाच आलंय आणि ते नीट व्हावं असं मनापासून वाटतंय.

पन्हाळा तालुक्यातल्या एका गावातला बारा बायकांचा बचत गट आहे. कांदा-लसूण चटणी करतात. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची स्वतः निवडतात, देठं काढून वाळवतात, डंकावर (यंत्रावर चालणाऱ्या मुसळांच्या कांडपावर) कुटून आणतात. चटणी पाव किलोच्या पारदर्शक पाऊचमध्ये भरतात आणि आजवर आत वहीच्या कागदावर हातानं लिहिलेली चिठ्ठी टाकायच्या. आता पुण्याच्या एका प्रदर्शनात स्टॉल मिळालाय, म्हणून लोगो, लेबल, स्टॉलच्या मागचा बॅनर आणि लोकांच्या हातात द्यायला पत्रक हवंय. माझे सगळे मिळून सहा हजार ठरलेत, छपाई वेगळी.

मी तीन पर्याय घेऊन गेले. ओसरीवर बसून सगळ्याजणींनी बघितले. एकीला मिरची हवी, एकीला उखळ, एकीला चूल, एकीला पन्हाळ्याचा तट, अध्यक्षांना नऊवारीतली बाई, खजिनदारांना अंबाबाईच्या देवळाचं शिखर. कुणाचंच मन मोडवेना. घरी येऊन सगळं एका गोलात बसवलं. लॅपटॉपवर सुरेख दिसलं, पण लेबलच्या मापात प्रिंट काढली तर नुसता तांबडा-तपकिरी डाग. नावसुद्धा वाचता येईना.

आता त्यांना काय सांगू? पर्याय किती न्यायचे असतात? आणि शेवटी त्यांच्या हातात नेमकं काय काय द्यायचं?

दसराचौक

तीन पर्याय नेले की लोक तिन्हींतलं थोडं थोडं मागतात. दरवेळी हेच होतं. पुढच्या खेपेला एकच न्या, पण तो पाऊचवर चिकटवून न्या. कागदावर चित्र दिसलं की चित्राबद्दल बोलणं होतं. पाऊच हातात दिला की बोलणं चटणीवर येतं. आणि काय काढू असं विचारू नका. गिऱ्हाईक तुमच्याकडं काय म्हणून मागतं, असं विचारा.

शाईचे हात

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कुणाचंच मन मोडवेना असं लिहिलंय, ते मला फार आवडलं. असं वाटणाऱ्या माणसाच्याच हातून संस्थेचं काम चांगलं होतं.

लक्ष्मीपुरीत माझं तीस वर्षांपासून छपाईचं काम आहे. सुरुवात स्क्रीन प्रिंटिंगनं केली, मग रबरी शिक्के, आता डिजिटल. माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक म्हणजे तालमी, पतसंस्था, वाचनालयं, दूध संस्था, भजनी मंडळं. डिझाइनर काम देऊन मोकळा होतो, त्यानंतर त्या कामाचं पुढं काय होतं ते आमच्या टेबलावर दिसतं.

माझं सांगणं एकच आहे. लोगोची सुरुवात शिक्क्यापासून करा. दीड इंचाचा गोल, एकच रंग, कोपऱ्यावरच्या दुकानात बनवलेलं रबर आणि थोडी जास्त झालेली शाई. तिथं जे टिकेल तेवढंच ठेवा. गटाला बँकेत, पंचायतीत, प्रदर्शनाच्या अर्जावर, पावतीवर रोज हाच लागणार आहे. बॅनर वर्षातून चारदा बाहेर निघेल.

हे मला २००६ साली कळलं. एका वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवासाठी मी बोधचिन्ह केलं होतं. उगवता सूर्य, उघडं पुस्तक, समई, मागं पिवळ्यातून केशरीत जाणारी छटा. चार रंगांत लेटरहेड छापलं, सगळ्यांनी कौतुक केलं. महिन्याभरानं अनुदानाच्या कागदावर शिक्का लागला. त्यात सूर्याचा काळा गोळा झाला, समई गेली, आणि नावातला अनुस्वार शेजारच्या मात्रेत बुडाला. ग्रंथपालबाईंनी मला एका शब्दानं दुखवलं नाही. त्यांनी ड्रॉवरमधला जुना, कडा झिजलेला शिक्का काढला आणि तोच वापरत राहिल्या. आठ वर्षं त्या संस्थेच्या एकाच कागदावर वरती एक ओळख होती आणि खाली सहीशेजारी दुसरी. शेवटी मी स्वतःहून जाऊन ते बदललं. चित्र सगळं काढलं, नावाची अक्षरं नीट घडवली आणि शिरोरेषेलाच पुस्तकाच्या पानासारखी हलकी मुडप दिली. ते अजून चाललंय.

तेव्हा बाराजणींच्या बारा गोष्टी टाकून देऊ नका, त्यांना वेगवेगळ्या जागा द्या. चूल, उखळ, नऊवारीतली बाई, तट हे सगळं पत्रकावर आणि बॅनरवर मोठ्या चित्रात येऊ दे. तिथं जागा आहे, बघायला माणूस थांबतो. लोगोत फक्त नाव आणि फार तर एक खूण. "तुमचं काढलं नाही, तिकडं लावलंय" असं सांगितलं आणि दाखवलं की बायका समजून घेतात. माझा तरी असाच अनुभव आहे.

आता अक्षरांबद्दल. गटाचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण त्यात ल किंवा श असेल तर जपा. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच युनिकोड फॉण्टांत ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात. आपला ल पाकळीचा, आपला श देठाचा. शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं मराठीसाठी दिलीत. काही फॉण्टांत मराठी रूप आत दडलेलं असतं, भाषा मराठी निवडली की वर येतं. तिरो देवनागरी मराठी या फॉण्टमध्ये ते आधीपासूनच आहे. नाही सापडलं तर हातानं काढून घ्या. चार-पाच अक्षरांचं नाव, एक दुपार जाईल.

माझे वडील बोर्ड रंगवायचे. या गावात बाबूराव पेंटरांनी आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवली, त्यामुळं इथं ब्रश धरणाऱ्याला मान होता. बोर्ड पुरा झाला की वडील ब्रश धुवायच्या आधी रस्ता ओलांडून पलीकडं जायचे आणि तिथून वाचायचे. एखादी वेलांटी पलीकडून दिसली नाही तर परत शिडीवर. तुम्हीही पाऊच चटणीनं भरून, लेबल लावून, सहा पावलांवरून बघा. पारदर्शक पाऊचमध्ये चटणीच तांबडी असते. त्यावर तांबडं लेबल लावलं तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. मी असतो तर पांढरं किंवा फिकट पिवळसर लेबल, त्यावर काळी अक्षरं आणि तांबडा अगदी एकाच ठिकाणी.

काही कामाच्या गोष्टी, ज्या छापखान्यात आल्यावर कळतात.

लेबलचं माप आधी शीटवर बघा. डिजिटलला बारा बाय अठरा इंचांची शीट असते, कडेचा पाव पाव इंच सोडायचा. ३ बाय ४.५ इंचाची लेबलं सगळी एकाच दिशेनं लावली तर, उभी काय आडवी काय, एका शीटवर फार तर दहाच बसतात. तेच २.७५ बाय ४.२५ केलं तर सोळा बसतात. पाचशे लेबलांना पन्नासच्या जागी बत्तीस शीट लागतात. पाव इंचानं डिझाइन बिघडत नाही, पण गटाचे पैसे वाचतात. लेबलची पार्श्वभूमी पांढरी असली तर मधे जागा न सोडता एकाच कापात दोन लेबलं सुटी होतात.

चटणीला तेल असतं. साध्या कागदाच्या स्टिकरवर पंधरा दिवसांत तेलाचे डाग चढतात. प्लास्टिकचा स्टिकर घ्या किंवा वर लॅमिनेशन करा. पण लॅमिनेशन केलं की पॅकिंगच्या तारखेचा साधा शिक्का त्यावर वाळत नाही, बोटानं पुसला जातो. तारखेसाठी वेगळा छोटा कागदी स्टिकर ठेवा, मागच्या बाजूला.

बारीक मजकूर निव्वळ काळ्यात ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा छापताना केसभर सरकला तरी मात्रा फुटतात. आणि छापायला द्यायच्या आधी सगळी अक्षरं कर्व्ह करून घ्या, म्हणजे फॉण्ट न लागणाऱ्या आकृत्या करा. नाहीतर समोरच्याच्या कोरलड्रॉमध्ये तुमचा फॉण्ट नसेल तर जोडाक्षरं तुटतात आणि नावच बदलून जातं.

त्यांच्या हातात द्यायचं ते असं: कर्व्ह केलेली पीडीएफ, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, निव्वळ काळ्या रंगातली एक प्रत, आणि एका कागदावर रंगांचे आकडे. व्हॉट्सअपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, फोटो म्हणून नाही, हे सचिवांना त्यांच्याच फोनवर करून दाखवा. आणि सहा हजारांतच एक शिक्का स्वतः बनवून न्या. त्यांना त्याचा फार आनंद होईल.

सातबारा

वरचं सगळं पटलं. मी गटांची कागदपत्रं करून देतो, म्हणून त्या बाजूचं थोडं लिहितो.

लेबलवर काय यायला पाहिजे ते आधी मांडा, मगच डिझाइन करा. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आणि त्याचं चिन्ह, शाकाहारीचा हिरव्या चौकटीतला हिरवा गोल, घटक, निव्वळ वजन, तारीख आणि किती दिवसांत वापरावं, सर्व करांसह किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन. हे शेवटी कोंबायला गेलात की लेबल पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

नावाबद्दल. "कोल्हापुरी" हा शब्द मोठा आणि गटाचं नाव बारीक, असं करू नका. गावाचं नाव फक्त माल कुठला ते सांगतं, तेवढ्यावर ट्रेडमार्क मिळणं अवघड असतं. स्वतःचं नाव मोठं ठेवा. पुढं नोंदणी करायची झाली तर मसाले वर्ग ३० मध्ये येतात, आणि व्यक्ती किंवा लघु उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४५०० रुपये आहे. आत्ता नाही केलं तरी चालेल, पण नाव निवडताना डोक्यात असू द्या.

ताई, आणखी एक, तुमच्यासाठी आणि त्यांच्यासाठीही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. बाहेरच्या डिझाइनरनं केलेल्या लोगोवर पहिला हक्क साधारणपणे त्याचाच राहतो, पैसे मिळाले तरी. तो गटाला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरली जातात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून साध्या मराठीत एक पानभर लिहा: हे चिन्ह कायमचं, सगळीकडं वापरायला गटाला दिलं. दोन्हीकडच्या सह्या, तारीख. बायकांच्या कष्टावर उभं राहणारं नाव उद्या कुणाच्या परवानगीवर अडकू नये.

कागदकातर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर प्रिंट काढून भिंतीला लावलंय. शनिवारी गावात जाऊन आले, काय झालं ते सांगते.

या वेळी एकच पर्याय नेला, पाऊचवर लावून. आधी विचारलं, गिऱ्हाईक काय म्हणून मागतं? सगळ्या एकदम म्हणाल्या, "डंकाची हाय का, असंच इचारत्यात." मिक्सरची नको, गिरणीची नको, डंकावरचीच पाहिजे. आणि बारा कल्पनांमध्ये डंक कुणीच सांगितला नव्हता. रोज समोर असतो म्हणून असेल.

गटाच्या नावात दोन काने आहेत. त्यातला एक मी शिरोरेषेच्या वर काढला आणि वरचं टोक जाड केलं, डंकातल्या मुसळासारखं. दुसरी खूण काही नाही. दीड इंचात, एका रंगात नीट उमटतं, शिक्का करून बघितला. चूल, तट, नऊवारीतली बाई बॅनरवर घेतलीत. खजिनदार जरा गप्प होत्या, पण बॅनरचं चित्र बघितल्यावर शिखर कुठं आहे ते त्यांनीच इतरांना बोटानं दाखवलं.

आणि काका, ल. माझ्या पहिल्या तिन्ही पर्यायांत हिंदी वळणाचा ल होता, मला कळलंही नव्हतं. या वेळी पाकळीचा काढला. गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत बसल्या. मग पहिल्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो ल मी पाटीवर कधी काढला न्हवता. ह्यो दुसरा काढलाय." चौथीपर्यंत शिकल्यात त्या. आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या.

लेबल २.७५ बाय ४.२५ च केलं. मजकूर सातबारांनी सांगितला तसा आधी मांडून घेतला. हक्काचं एक पान लिहून सह्याही घेतल्या, सचिवांनी ते तीनदा वाचून मगच सही केली.

निघताना मावशींनी पाऊच ओसरीच्या खांबाला टेकवून ठेवला आणि अंगण ओलांडून गोठ्यापाशी गेल्या. मी त्यांना तुमच्या वडिलांचं काहीच सांगितलं नव्हतं. तिथून मोठ्यानं नाव वाचलं, "मी हितनं वाचतो बघ." वजन मात्र वाचता आलं नाही. २५० ग्रॅमचा आकडा थोडा मोठा करते आणि उद्या एकच शीट काढून तेलाच्या बोटांनी घासून बघते. काका, सोमवारी दुकान किती वाजता उघडता?

शाईचे हात

साडेदहाला. चटणीचा भरलेला पाऊच घेऊन या, रंग त्याच्याशेजारी ठेवूनच बघू.