आईला बंद घरात भजन ऐकू येतं: कुणाला दाखवू, कुठलं मशीन घेऊ? (सातारा)

कोयनाकाठ:
आई 76. डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, उजव्याने कमी. दिवाळीपासून रात्री भजन ऐकू येतं म्हणते. शेजारचे टेप लावतात म्हणून त्यांच्याशी भांडूनही आली. बाकी ठणठणीत, दुधाचा हिशोब चोख. कानाचे डॉक्टर की मनोविकारतज्ज्ञ? श्रवणयंत्राचं बजेट 25 हजार, त्यावर जमणार नाही.

राजापूरकर:
बाबांना दोन्ही कानांचं दीड लाखाचं घेतलं. चार्जिंगचं, मोबाईलला जोडतं. बजेट वाढवा, स्वस्तातलं घेऊन पस्तावाल.

मिरचीभजी:
दोन्ही कानांना +1. पण दीड लाख?? सासूबाईंचं ऐंशी हजारांचं डबीत पडून आहे. शिट्टी वाजते म्हणे.

राजापूरकर:
मोल्ड, म्हणजे कानात बसवायचा साचा, नीट बसला नसेल. आमचं नाही वाजत.

वाटसरू:
मशीन नंतर. आमच्या गावाकडे एक देवरुषी आहेत, आत्याला गुण आला.

निशाचर:
2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वाचा. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं गुन्हा आहे.

वाटसरू:
मारहाण कोण म्हणालं? नुसता अंगारा. तुम्हाला दर धाग्यावर कायदाच दिसतो.

श्रवणा:
मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानावाटे आवाज पोचणं कमी झालं की मेंदू कधीकधी साठवणीतलं संगीत स्वतःच वाजवतो. याला म्युझिकल इअर सिंड्रोम म्हणतात. हे वेड नव्हे. नजर अधू झालेल्यांना नसलेली माणसं दिसतात, तो चार्ल्स बॉनेट सिंड्रोम, त्याच जातीचा. शांततेत जास्त जाणवतं, म्हणून रात्री. आधी कानातला मळ बघून घ्या, मग ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), मग मशीन. मशीनने बऱ्याच जणांचं कमी होतं, सगळ्यांचं नाही. मात्र एकदम बरळायला लागल्या, दिवस-रात्र कळेना, तर लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, नवीन सुरू झालेली गोळी, काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मिरचीभजी:
तेच सांगणार होते, मळ काढा.

बिनधास्त:
भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याचे आवाज त्याच्याबद्दल आपसात बोलायचे, हुकूम सोडायचे. आईंचं तसं वाटत नाही. पण आवाज 'हे कर' म्हणू लागला, किंवा शेजारी मुद्दाम छळतात हे डोक्यातून जाईचना, तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्याच, लाजू नका. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, फुकट, मराठीत बोलतात. भाऊ गोळ्या घेऊन आज दुकान सांभाळतो.

निशाचर:
मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 च्या वरच्यांना 3000 मिळतात, उत्पन्नाची अट आहे. श्रवणयंत्राला चालतात.

राजापूरकर:
तीन हजारांत मशीनची डबी येईल.

न्यूजर्सीकर:
आमच्याकडे 2022 पासून श्रवणयंत्रं दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. भारतात कधी होणार देव जाणे.

मिरचीभजी:
अवांतर. त्यांना साताऱ्यात घ्यायचंय.

कोयनाकाठ:
सर्वांचे आभार. कानाचे डॉक्टर झाले, मळ निघाला, ऑडिओमेट्रीही केली. श्रवणा म्हणतात तेच निघालं. गोळ्या तपासल्या, रक्त-लघवी ठीक. मशीन मात्र घेत नाहीये. ट्रायलला लावलं तर आई म्हणाली, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, भजन परवडलं. रात्री उशाशी मंद आवाजात रेडिओ ठेवतो, त्याने बराच फरक आहे. शेजाऱ्यांकडे फराळ पोचवला.

राजापूरकर:
चूक करताय.

मिरचीभजी:
रेडिओ कुठला घेतलात? लिंक द्या.