नौपाड्यात जुनी रॅले सायकल मिळाली, रंगवू का?

घोडबंदरकर: शेजारच्या काकांच्या माळ्यावर ड्रॉप हँडलची रॅले सापडली, रंग, स्टिकर, लेदर सीट सगळं ओरिजिनल, फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१ (नळ्यांच्या स्टीलचं नाव) लिहिलंय आणि मागे स्टर्मी-आर्चर कंपनीचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. कुठल्या सालची असेल? रंगवू का?

पेडलवाला: अरे रंगवू नकोस प्लीज!! रंग एकदाच ओरिजिनल असतो. हबच्या कवचावर बघ, साल-महिना ठोकलेला असतो, म्हणजे ५८ ३ असेल तर मार्च १९५८, पण चाक नंतर बदललेलं असू शकतं म्हणून फ्रेम नंबरही बघ.

वाशीची सायकल: क्रोमवरचा गंज अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून हलक्या हाताने घास, निघतो. कॉटर पिनवर (पेडलचा दांडा धरून ठेवणारी खीळ) सरळ हातोडा नको, आधी तेल सोडून रात्रभर ठेव. टायर, ब्रेकचे रबर मात्र नवेच टाक, जुने जपून ठेव.

घोडबंदरकर: ५६ ९ निघालं!! काकांचे डोळे भरून आले.