कोटिंगच्या आधी रंगाची जाडी मोजून घ्या

नव्या गाडीवरच्या जाळीसारख्या बारीक ओरखड्यांवर सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा कडक संरक्षक थर) करून टाका, असं या चर्चेत सुचवलंय. ते मला अजिबात पटत नाही. कोटिंग पारदर्शक असतं, त्यामुळे खालचे ओरखडे तसेच दिसत राहतात, आणि नंतर ते काढायचे तर आधी कोटिंगच घासून काढावं लागतं. म्हणजे पॉलिश आधी, कोटिंग नंतर. नखाला अडकणारा चरा मात्र पॉलिशने पूर्ण जाईल अशी अपेक्षा नको.

एक मुद्दा कुणीच मांडला नाही, तो म्हणजे क्लिअर कोटची जाडी. हा वरचा पारदर्शक थर बहुतेक गाड्यांवर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि उन्हापासून रंगाला वाचवण्याचं काम तोच करतो. प्रत्येक कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे खरखरीत पेस्टने घासताना, त्यातला थोडा भाग कायमचा जातो. म्हणून पॉलिशचं मशीन लावण्याआधी प्रत्येक पत्र्यावर जाडी मोजणारा मीटर फिरवायला सांगा (प्लास्टिकच्या बंपरवर साधा मीटर चालत नाही). कारखान्यातला एकूण रंग, सगळे थर धरून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एकाच दरवाज्यावर आकडा दुप्पट आला, तर तो पुन्हा रंगवलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि तसं असेल तर पॉलिश थांबवून आधी विक्रेत्याकडे लेखी खुलासा मागा. पॉलिशचं काम झाल्यावर, कोटिंगच्या आधी, तेल काढणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून उन्हात बघा. ग्लेझमधल्या (चकाकीसाठी लावतात त्या द्रवातल्या) तेलाने नुसते बुजवलेले ओरखडे लगेच वर येतात.