मदत हवी आहे: डोंगरावरच्या सेंद्रिय शेतात पाहुणे ठेवतोय, पण सांडपाण्याचं काय करू?

नमस्कार मंडळी,

आमचं शेत डोंगरउतारावर आहे. सासऱ्यांनी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांचे तुकडे काढले, आणि गेली ९ वर्षं त्यात रासायनिक खत की फवारणी काहीही गेलेलं नाही. घरात आम्ही सहा माणसं, गोठ्यात चार गाई. नुसत्या शेतीवर भागत नाही, म्हणून मागच्या वर्षी घराला लागून दोन खोल्या काढल्या आणि पाहुणे घ्यायला लागलो. लोक दोन-तीन दिवस राहतात, शेतात फिरतात, मुलं तर गोठ्यातून हलत नाहीत. त्या पैशाच्या आधारावरच शेत सेंद्रिय ठेवणं जमतंय, म्हणून मला हे टिकवायचं आहे.

दोन महिन्यांपूर्वी एकदम आठ जण आले, चार दिवस राहिले. चौथ्या दिवशी न्हाणीचा शोषखड्डा भरून वाहिला आणि पाणी खालच्या वाफ्यात उतरलं. तिथे बघायला गेले तर लक्षात आलं, पाणी आधीपासूनच झिरपत असणार. रोपांच्या पानांच्या कडा करपलेल्या, मातीवर पांढरट पापुद्रा. बोटाने खरवडला तर खपली निघाली आणि खाली माती घट्ट बसलेली. शेणखत आणि पालापाचोळा घालून घालून जी माती मुठीत भुसभुशीत लागायची, ती ही. मी तिथेच बांधावर बसून रडले.

संडासाचं टाकं आणि त्याचा शोषखड्डा घराजवळच आहे. आमचा झरा घराच्या खालच्या अंगाला, त्या खड्ड्यापासून ४० पावलांवर. तिथूनच छोट्या पंपाने वर टाकीत पाणी चढवतो, तेच पितो. तेव्हापासून मला झोप नाही.

दीर म्हणतात, बोअर घेऊ आणि आणखी चार खोल्या बांधू, म्हणजे नीट मोठी व्यवस्था करता येईल. सासऱ्यांना हे पटत नाही. मी मध्ये आहे. ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी सांगा: न्हाणीचं पाणी कुठे सोडायचं? कोरडा संडास पाहुणे वापरतात का, आणि त्याचं खत शेताला चालतं का? आणि किती पाहुणे घ्यायचे हे ठरवायचं कशावरून?

प्रतिसाद १

ताई, आमचंही असंच डोंगरावरचं शेत आहे, १२ वर्षं पाहुणे घेतोय. शेवटचा प्रश्न आधी सोडवा, बाकीचे त्यावरच ठरतात.

कोरड्या दिवसांत, झरा सगळ्यात बारीक असताना, १५ लिटरची बादली लावा आणि घड्याळ धरा. समजा भरायला १५ मिनिटं लागली, तर दिवसाला १४४० लिटर. त्यातून घरच्या सहा जणांचे ४२०, चार गाईंचे २४० आणि रोपवाटिकेचे ५०० काढले तर २८० उरतात. माणशी १०० धरले तर पाहुणे दोन, ओढूनताणून तीन. खोल्या किती आहेत याला काही अर्थ नाही. बोअर घेतलात तर झऱ्याला येणारं पाणीच खाली ओढलं जाण्याची भीती असते, उतारावर तर जास्तच. तुमच्या सासऱ्यांचं ऐका.

पिण्याच्या पाण्यापासून संडासाचा खड्डा निदान ३० मीटर लांब आणि त्याचा तळ भूजलाच्या १.५ मीटर तरी वर असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. खडक फुटीर असेल तर हे अंतरही पुरत नाही, भेगांतून पाणी भराभर उतरतं. तुमची ४० पावलं मला अपुरी वाटतात, त्यात झरा खालच्या अंगाला. पाणी लगेच तपासून घ्या आणि तोवर उकळून प्या.

कोरडा संडास पाहुणे वापरतात, वास नसेल तर. लघवी वेगळी काढा, प्रत्येक वेळी वरून भुसा किंवा राख, आणि वाऱ्याचा पाइप छपराच्या वर नेऊन त्याला जाळी. कप्पे दोन ठेवा, एक भरला की बंद. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनाप्रमाणे थंड हवेत (२ ते २० अंश) दीड ते दोन वर्षं, उबदार हवेत वर्षाहून जास्त काळ तसंच पडू द्यायचं. एवढं करूनही भाजीला घालू नका. माणसांच्या खाण्याच्या पिकांना हे खत बहुतेक सेंद्रिय मानकांत चालत नाही, प्रमाणपत्र जाईल. आम्ही ते जळणाच्या झाडांना घालतो.

प्रतिसाद २

तुमच्या वाफ्यातला पांढरा थर बहुधा साबणातल्या सोडियमच्या क्षारांचा आहे. धुण्याची पावडर सगळ्यात वाईट, सोडियमने मातीचे कण सुटे होऊन घट्ट बसतात. पाहुण्यांना "स्वतःचा साबण आणू नका" हे येण्याआधीच कळवा आणि न्हाणीत पोटॅशचा द्रव साबण ठेवा. न्हाणीचं पाणी आधी गाळाच्या छोट्या टाकीत, मग खडी-वाळूच्या वाफ्यात लावलेल्या कर्दळीतून फिरवून फळझाडांच्या आळ्यात, वर पालापाचोळ्याचं आच्छादन. एक दिवसाच्या वर साठवायचं नाही, कुजतं. कच्च्या खाण्याच्या भाजीला अजिबात नको. बिघडलेल्या वाफ्याला झऱ्याचं स्वच्छ पाणी दोन-तीनदा भरपूर द्या, निचरा होऊ द्या, मग कंपोस्ट.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी दीर स्वतःच बादली घेऊन झऱ्यावर गेले होते. साडेअकरा मिनिटं लागली, आणि झरा अजून आटायचा आहे. आल्यावर बोअरचं नाव काढलं नाही. पाण्याचा नमुना उद्या तपासायला देतोय. पुढच्या महिन्यात सहा जणांचं नक्की झालंय, त्यांना फोन करून तिघांनाच या म्हणून सांगणार आहे.

एकच विचारायचं राहिलं. कर्दळीचा वाफा घराच्या बाजूच्या पायरीवर घेऊ की एक पायरी खाली? खाली उतार चांगला मिळतो, पण ती पायरी झऱ्याच्या बरोबर वर येते.