नेट न्यूट्रॅलिटी: तटस्थता, समानता की आणखी काही?

शाईडाग: एका ग्राहक संघटनेची पुस्तिका मराठीत करतेय. ‘नेट न्यूट्रॅलिटी’ला, म्हणजे नेट कंपनीने वेबसाइट-वेबसाइटमध्ये भेद करू नये या तत्त्वाला, मी ‘नेट तटस्थता’ लिहिलं. संपादकांनी लाल रेघ ओढून परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, तटस्थ म्हणजे कुणाच्या भांडणात न पडणारा. इथे तर वेबसाइट बघून डेटाचा वेगळा दर लावला की कंपनीला दिवसाला 50 हजार दंड. मग यात तटस्थ कोण? त्यांना ‘नेट समानता’ हवंय. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येईना.

व्युत्पत्तीवेडा: तट म्हणजे काठ, तटस्थ म्हणजे काठावरचा. नदीत कोण बुडतंय याचं त्याला काही नाही. तेव्हा संपादकांचं बरोबर. आपल्याकडे त्या एका न्यूट्रलचे किती अवतार आहेत बघा. युद्धात तटस्थ, नेहरूंच्या परराष्ट्र धोरणात अलिप्त, मॅचचा पंच निःपक्षपाती आणि आठवीच्या लिटमस कागदाला उदासीन.

आजीऑनलाइन: ‘नेट उदासीनता’च घ्या. आमच्या नेटवाल्याला तंतोतंत लागू पडतं. फोन केला की ‘माणूस निघालाय’, आणि माणूस उगवतो परवा.

राउटरबाबा: समानता नको, ताई. 30 एमबीपीएसचा प्लॅन घेणारा आणि 300 चा घेणारा समान नसतात, आणि त्यात बेकायदा काही नाही. तुम्ही मागितलेली वेबसाइट कुणाची आहे हे बघून अडवायचं नाही, हळू करायचं नाही, कुणाला पुढे घालायचं नाही, एवढाच मुद्दा. 2018 साली दूरसंचार विभागाने मान्य केलेल्या नियमांचा गाभा हाच आहे. त्यातही वाजवी ट्रॅफिक मॅनेजमेंटला, म्हणजे नेटवरची गर्दी सांभाळायला, मुभा आहे. ‘समानता’ छापलंत तर उद्या एखादा ग्राहक शेजाऱ्याइतका स्पीड मागत येईल.

कोकणकडा: आपल्याकडे याला अस्सल शब्द आहे आणि तो कुणालाच सुचू नये? पंक्तिप्रपंच! एकाच पंगतीत व्याह्याच्या पानात तुपाची धार आणि बाकीच्यांना नुसतं वरण. 2015 चं ‘एअरटेल झिरो’ काय होतं? ॲपवाला कंपनीला पैसे मोजणार, मग त्याचं ॲप ग्राहकाला फुकट. फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’मध्ये (ठरावीक वेबसाइटच फुकट) तर वाढप्यानेच ठरवलं होतं की गरिबाच्या पानात काय पडणार. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 8 फेब्रुवारी 2016 ला दोन्ही प्रकारांना दार बंद केलं. ‘पंक्तिप्रपंचबंदी’ लिहा, खेड्यातल्या म्हातारीलाही कळेल.

नागपुरी_संत्रं: कोणत्या म्हातारीला? जिला पंगतीत बसूच दिलं नाही तिला? काका, पंक्तिप्रपंच हा पानावर बसलेल्यांचा शब्द आहे. अंगणाबाहेर ताटकळलेल्यांसाठी पंगतीकडे शब्दच नव्हता. आणि ज्या गावात फायबर पोचलीच नाही तिथे तूप कुणाला जास्त पडलं हा वाद कसला घालायचा? असला शब्द सरकारी माहितीत नको.

कोकणकडा: शब्दाला जातीच्या चौकटीत उभं करायची फॅशनच झालीये. पंक्तिप्रपंच म्हणजे दोषच मानला आहे ना? करणाऱ्याला नावं ठेवायलाच तो वापरतात.

नागपुरी_संत्रं: नावं ठेवतात, पण आतल्या आत.

शाईडाग: मला ‘पंक्तिप्रपंच’ आवडला, पण दहा ठिकाणी ‘पंक्तिप्रपंचबंदी’ आलं तर संपादक मला पानावरून उठवतील.

राउटरबाबा: मग सरळ ‘भेदभाव’ वापरा. ट्रायच्या 2016 च्या नियमांच्या नावातही न्यूट्रॅलिटी नाही, ‘भेदभावकारक दर’ आहेत. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी 2003 साली ही संज्ञा रूढ केली, त्या लेखाच्या शीर्षकातसुद्धा न्यूट्रॅलिटीच्या शेजारी ब्रॉडबँडमधला भेदभाव बसलेला आहे.

मास्तर_निवृत्त: ‘नेट’ कशाला म्हणतो मी? ‘आंतरजाल’ आहे ना! ‘आंतरजाल निर्भेदता’. आणि कृपया ‘अंतर्जाल’ लिहू नका. अंतर् म्हणजे आतलं, ते इंट्रानेट. आंतर म्हणजे दोहोंच्या मधलं, जसं आंतरराष्ट्रीय.

आजीऑनलाइन: मास्तर, नेट गेल्यावर तुम्ही कस्टमर केअरला ‘आंतरजाल खंडित झाले’ म्हणता का? खरं सांगा.

मास्तर_निवृत्त: म्हणतो. ते हिंदीत बोलतात, मी मराठीत. आणि ‘ब्रॉडबँड’ही नको, ‘विस्तृतपट्टा’ म्हणा.

राउटरबाबा: पट्टा कितीसा विस्तृत? 2004 च्या धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत होते. पुढे 512 आलं, आणि 2 एमबीपीएस व्हायला 2023 उजाडलं. शब्द तोच राहू द्या, सरकार अर्थ बदलत राहील.

शाईडाग: पुढच्याच परिच्छेदात ‘मोनोपॉली’ आहे. ‘मक्तेदारी’ चालेल ना? की तिथेही काही आहे?

व्युत्पत्तीवेडा: आहे! मक्ता मूळ अरबी. ठरलेली रक्कम भरून वसुली किंवा धंदा करायचा करार, तो घेणारा मक्तेदार. त्याला मुदत असायची. संपली की पुन्हा बोली. आमच्या सोसायटीत कमिटीने एकाच नेटवाल्याला डक्टमधून वायर टाकू दिलीये, दुसऱ्याला गेटवरच अडवतात. ना बोली, ना मुदत. याला मक्तेदारी म्हणणं हा मक्त्याचा अपमान आहे.

राउटरबाबा: पण मोबाइलवाल्यांना चपखल बसतं की. स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइलच्या लहरी, लिलावातच घेतात, 20 वर्षांसाठी.

नागपुरी_संत्रं: आमच्याकडे अजूनही शेत मक्त्याने देतात. वर्षाचे पैसे आधी मोजायचे, मग पाऊस पडो न पडो.

कोकणकडा: त्याला खंडाने म्हणतात.

नागपुरी_संत्रं: तुमच्याकडे म्हणत असतील.

मास्तर_निवृत्त: दोन्ही वेगळे. खंड मुळात धान्याचा, मक्ता रोखीचा.

कोकणकडा: कुणी सांगितलं? आमच्या आजोबांच्या वहीत ‘खंड रोख’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. फोटो टाकू?