मांडवी-जुवारीसाठी स्विंग कील की वॉटर बॅलस्ट?

शिवोलीकर: वरच्या पोस्टमध्ये छातीठोकपणे लिहिलंय, "गोव्यात ट्रेलरवर नेता येणारी क्रूझर घ्यायची तर वॉटर बॅलस्टचीच, स्विंग कील म्हणजे लोढणं." साफ चूक. स्विंग कील म्हणजे होडीच्या तळाला बिजागरीवर वर-खाली होणारं जड पातं, वॉटर बॅलस्ट म्हणजे होडी तोलायला तळाच्या टाकीत भरलेलं पाणी. पाण्याचं बॅलस्ट होडी बरीच कलल्यावर जोर धरतं, सुरुवातीला ती डगमगतेच. कॅटलिना २२ या स्विंग कीलच्या होडीची ओतीव लोखंडाची कील साधारण २५० किलोची, खाली सोडली की दीड मीटर खोल. दुपारी वायव्येचा वारा चढतो, आग्वादला मांडवीच्या तोंडावर ओहोटी त्याच्याशी भिडते आणि लाटा आखूड, उभ्या होतात. तिथे लोखंडच हवं.

मांडवीकाठ: ती कील वर येईल तेव्हा ना! होडी पाण्यात उभी राहिली की कीलच्या खोबणीत कालवं आणि बार्नेकल धरतात, कील जाम होते. कील वर ओढणाऱ्या विंचची स्टेनलेस वायर बाहेरून चकचकीत दिसते, पण दाबून बसवलेल्या टोकाच्या आत, जिथे हवा पोचत नाही, तिथे ती कुजते. तुटली की कील धाडकन खाली येऊन खोबण फोडते. नांगरावर असताना ठक-ठक ऐकू आलं तर पिव्होट पिन, म्हणजे कील जिच्यावर फिरते ती खीळ, झिजली समजा. वॉटर बॅलस्टला असली जड लोखंडी कील नाही. रॅम्पवर, म्हणजे होडी पाण्यात उतरवायच्या उतारावर, व्हॉल्व्ह उघडला की टाकी भरते, वर ओढताना रिकामी होते. गाडीला शेकडो किलो कमी ओढावे लागतात.

शिवोलीकर: आणि एअर व्हेंट, म्हणजे टाकीतली हवा बाहेर जायची वाट, बंद राहिला तर? टाकी अर्धीच भरते, पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि होडी आणखी कलते. निघण्याआधी टाकी काठोकाठ भरल्याची खात्री करा, हे त्या पोस्टमध्ये एका ओळीनेही नाही.

बेतुलचा मिस्त्री: कीलवरून भांडताय, पण होडी रस्त्यात अडकते ती ट्रेलरच्या बेअरिंगपायी. लांबून आलात की हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, तापलेला असतो. तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसते, सीलवाटे खारं पाणी ओढलं जातं, ग्रीस दुधाळ होतं आणि पुढच्या फेरीत बेअरिंग धरतं. हब हाताला गार लागेपर्यंत थांबा. स्प्रिंगवाले बेअरिंग प्रोटेक्टर बसवा, म्हणजे आत ग्रीसचा दाब राहतो.

मांडवीकाठ: घरी येऊन गोड्या पाण्याने धुतलं की पुरे. उगाच घाबरवू नका.

बेतुलचा मिस्त्री: पुरे नाही! सीलच्या आत गेलेलं मीठ बाहेरून पाणी मारून निघतं का? हब उघडा, जुनं ग्रीस पुसा, रोलरवर खड्डे दिसले तर बेअरिंग बदला, सील तर दर वेळी नवं. आणि मोठ्या ओहोटीला होडी उतरवू नका. काँक्रीट संपतं तिथे चाक खाली पडतं, वरचं शेवाळ गाडीलाही पाण्याकडे ओढतं.

शिवोलीकर: मिस्त्रींचं शंभर टक्के खरं. ट्रेलरवर राहणारी, नदीतच फिरणारी होडी असेल तर वॉटर बॅलस्ट चालेल, एवढं मान्य. आग्वादच्या बाहेर जाणाऱ्याला मात्र हा सल्ला देऊ नका.

मांडवीकाठ: नदीपुरतं मान्य केलंत, ठीक. मीही बाहेरच्यासाठी हट्ट धरत नाही, पण कीलच्या विंचची वायर दर वर्षी बदलायची हेही लिहा. आणि दोन्ही प्रकारांत डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. रॅम्पजवळ विजेच्या तारा असतील तर होडी आधी लांब न्या. ॲल्युमिनियमची काठी तारेला लागली की हात लावलेला माणूस वाचत नाही.